युक्रेनला नाटोत घ्यायला पाहिजे का नको?

रावेरकर:
मंडळी, काल आमच्या गल्लीत यावरून जोरदार वाद झाला म्हणून विचारतोय. ज्याच्यावर रशिया चालून आला त्यालाच नाटो (अमेरिका-युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी) आत घेत नाही, मग ही आघाडी कोणाच्या कामाची? ओळखीतली एक पोरगी खारकीव्हला एमबीबीएसला होती, २०२२ ला ऑपरेशन गंगातून परत आली, तेव्हापासून घरात सगळेच यावर बोलतात.

तापीकाठ:
रावेरकर भाऊ, लढाई चालू असताना घेतलं की कलम ५ आलंच, एकावर हल्ला तो सगळ्यांवर. नाटोच्या ३२ देशांनी अणुबॉम्बवाल्या रशियाशी भिडायचं का? शिवाय सगळ्यांची संमती लागते, तुर्कस्तान अन् हंगेरीने स्वीडनला किती रखडवलं, २०२२ चा अर्ज मार्च २०२४ ला मार्गी लागला. युद्ध थांबेपर्यंत नकोच.

वरणगाव फाटा:
दादा, कलम ५ मध्ये फौज पाठवाच असं नाहीये, ज्याला जी मदत गरजेची वाटेल ती त्याने करायची. आजवर लागू झालं ते एकदाच, २००१ ला अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा. अन् पश्चिम जर्मनीला १९५५ ला घेतलंच ना, देशाचे दोन तुकडे झालेले असताना!
मला राग येतो तो रोमानियातल्या बुखारेस्टच्या नाटो बैठकीचा. एप्रिल २००८ ला तिथं जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे मेंबर होतील, पण कधी ते सांगितलं नाही अन् तयारीचा प्लॅनसुद्धा दिला नाही, म्हणजे रशियाला डिवचलं आणि या दोघांना उघड्यावर सोडलं, ऑगस्टमध्ये जॉर्जियात रणगाडे घुसले. घ्यायचं तर घ्या नाहीतर तोंडावर नाही म्हणा, असं लोंबकळत ठेवल्याने माणसं मरतात.

केळीवाला यावल:
वरणगाव भाऊंशी सहमत. नाटोच्या नादी लागले म्हणून मार खाल्ला असं म्हणणाऱ्यांनी हे बघा, २०१० ला युक्रेनने कायदा केला होता की कुठल्याच लष्करी गटात जाणार नाही, तरी २०१४ ला रशियाने त्यांचा क्रिमिया घेतलाच. १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेनने अण्वस्त्रं सोडायच्या बदल्यात त्याच्या सीमा मानू असं रशियानेच लिहून दिलं होतं, त्या कागदाचं काय झालं? तिकडे फिनलंडची रशियाला लागून तेराशे किलोमीटरच्या वर सीमा, एप्रिल २०२३ ला आत गेला, त्याच्यावर चाल नाही केली.

तापीकाठ:
फिनलंडमध्ये लढाई चालू नव्हती ना भाऊ. पण बुडापेस्टचं पटलं. मग युद्धबंदी झाली तर मेंबर होईपर्यंत मधल्या काळात हमी कोणाची, अन् ती कागदावरचीच असेल तर युक्रेनने शस्त्रं खाली का ठेवावी?