ऑटिस्टिक नोकरदारांसाठी ऑफिसातल्या बोलण्याचा ऑनलाइन वर्ग: आखणी कशी करावी?

वाचाभाषा_नाशिक

नमस्कार मंडळी. ऑटिस्टिक प्रौढांसाठी ऑफिसातल्या संभाषणाचा वर्ग मराठीतून, झूमवर सुरू करायचा आहे. सहा जण, वय 22 ते 35, आठवड्यातून एक संध्याकाळ. सगळे व्यवस्थित बोलतात. अडतं ते कुणाला, कधी आणि किती बोलायचं इथे.

तयार अभ्यासक्रम बहुतेक अमेरिकन आहेत. यूसीएलए विद्यापीठाच्या 'पीअर्स' या सामाजिक कौशल्यांच्या अभ्यासक्रमाची तरुण प्रौढांसाठीची आवृत्ती 16 आठवड्यांची, दर वेळी दीड तास, सोबत घरचा किंवा बाहेरचा एक कोच. पण तिचा भर मैत्री आणि डेटिंगवर आहे, आणि त्यातली वाक्यं मराठीत आणली की कुणीच तसं बोलत नाही.

तर प्रश्न असे: सत्र किती वेळाचं ठेवावं? सुरुवात कोणत्या विषयाने करावी? कॅमेरा चालू ठेवायला सांगावं का? आणि वर्गात जमलेलं ऑफिसात उतरत नाही, त्याचं काय करावं?

जॉबकोच_पुणे

दीड तास झूमवर फार होतो. 60 मिनिटं ठेवा, अर्ध्यावर पाच मिनिटं सुट्टी. आठला संपणार म्हटलं की आठला संपवायचंच. 'अजून दोनच मिनिटं' म्हणून दहा मिनिटं घेतलीत तर त्या दहा मिनिटांतलं काहीही कुणाच्या डोक्यात शिरत नाही. 12 आठवडे पुरतात. सहा जणांना दोन प्रशिक्षक लागतात, एक बोलणारा आणि एक चॅट सांभाळणारा. चॅटमध्ये लिहिलेलं उत्तर तोंडी उत्तराइतकंच धरा. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात आपोआप येणारी कॅप्शन्स हमखास घोळ घालतात, म्हणून ज्या वाक्याचा सराव करायचा ते दुसऱ्या प्रशिक्षकाने चॅटमध्ये जसंच्या तसं टाइप करायचं.

आदल्या दिवशी कार्यक्रम लेखी पाठवा. ब्रेकआउट रूममध्ये (झूमवर दोघा-तिघांना वेगळं बसवायची खोली) कोण कुणाबरोबर, किती मिनिटं, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य कुणाचं, हे त्यात हवंच. हे न सांगता रूम उघडली की दोघंही गप्प बसतात आणि प्रशिक्षक वहीत लिहितो, 'संभाषण सुरू करता येत नाही'. चूक आखणीची, शेरा मात्र त्यांच्या नावावर.

सुरुवात गप्पांपासून करू नका. बरेच जण तिथूनच करतात, कारण ते शिकवायला सोपं वाटतं. खरं तर ते सगळ्यात अवघड आहे, त्याला ना विषय ना शेवट. पहिले तीन आठवडे फक्त 'काम नक्की काय आहे ते विचारणं' घ्या. साहेब म्हणतात, 'जरा ते रिपोर्टचं बघून घ्या.' यात तीन गोष्टी मोघम आहेत: कोणता रिपोर्ट, 'बघणं' म्हणजे वाचणं, दुरुस्त करणं की पाठवणं, आणि कधीपर्यंत. यावर 'काय करायचं?' असं विचारलं तर उत्तरही मोघमच येतं. त्याऐवजी स्वतःचा अंदाज मांडायला शिकवा: 'मार्चचा विक्रीचा रिपोर्ट ना? आकडे तपासून दुरुस्त करतो आणि पाचपर्यंत मेल करतो. चालेल?' आता साहेबांना फक्त हो म्हणायचं आहे किंवा चुकलेला भाग सांगायचा आहे. मग तेच मेलवर दोन ओळींत.

त्यानंतर 'अडलं आहे' आणि 'उशीर होणार' हे सांगणं. 'गरज पडली तर मदत मागा' ही सूचना निरुपयोगी आहे, कारण गरज केव्हा पडली हे ठरवणंच अवघड. आकडा द्या: 20 मिनिटं स्वतः प्रयत्न, मग विचारायचं. निरोपाचे तीन भाग: काय करायचं होतं, काय करून पाहिलं, कुठे अडलं. हा नियम नसला की एक जण दर पाच मिनिटांनी विचारतो आणि दुसरा संध्याकाळपर्यंत तिथेच अडकून बसतो.

पुढे नाही म्हणणं, चूक दाखवली गेल्यावर काय बोलायचं, मग मीटिंग. चहाच्या वेळच्या गप्पा शेवटच्या दोन आठवड्यांत, त्याही ज्याला हव्या त्याला.

रोल-प्ले तीन फेऱ्यांत घ्या. पहिल्यांदा लिहिलेला संवाद वाचायचा. दुसऱ्यांदा समोरचा एकच वाक्य बदलतो, उदाहरणार्थ 'आत्ता वेळ नाही, नंतर या'. तिसऱ्यांदा कागद नाही, फक्त उद्देश. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. मधली फेरी गाळली तर संवाद पाठ होतो आणि ऑफिसात पहिल्याच वेगळ्या शब्दाला कोसळतो. अभिप्राय एकाच गोष्टीवर, नेमका: '"चालेल?" विचारलंत, पण उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न टाकलात.' 'जरा मोकळं बोला' हा अभिप्राय नव्हे. मोकळं म्हणजे नक्की काय करायचं?

मराठीसाठी एक सत्र वेगळं राखा. 'बघतो' म्हणजे हो, नाही किंवा विसरलो, यातलं काहीही असू शकतं. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: 'बुधवारी आठवण करू का?' 'घाई नाही, पण आज झालं तर बरं' म्हणजे आजच हवंय. 'जेवलात का?' हे आमंत्रण नसतं. 'हो, तुमचं झालं?' एवढंच पुरे, डब्यातली भाजी सांगायची गरज नाही. अकरा वाजता आलेल्याला 'आज लवकर आलात!' म्हणणारा वेळ सांगत नसतो, टोमणा मारत असतो. आणि अरे-तुरेचा नियम सोपा ठेवा: सगळ्यांना 'तुम्ही', समोरच्याने स्वतःहून 'अरे, तू म्हण' म्हणेपर्यंत. त्याने आपल्याला 'तू' म्हटलं म्हणजे आपल्यालाही मुभा मिळाली, असा अर्थ काढायचा नाही.

शांत_कोपरा

ऑटिस्टिक बाजूने काही भर. (आधी एक: वर्गाच्या नावात 'ऑटिस्टिक'साठी 'स्वमग्न' हा शब्द नको. सरकारी कागदांत चालू दे. पण समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्यात ज्याची निम्मी शक्ती जाते, त्याला 'स्वतःत मग्न' म्हणणं विचित्र आहे.)

कॅमेरा ऐच्छिक ठेवा, आणि 'ऐच्छिक आहे, पण लावलात तर बरं' असं म्हणू नका. ते वरच्या 'घाई नाही'सारखंच झालं. झूममध्ये स्वतःचा चेहरा स्वतःपुरता लपवता येतो, ती सोय पहिल्याच दिवशी दाखवा. बऱ्याच जणांचा थकवा त्या चौकोनामुळेच असतो. नजरेला नजर देणं शिकवूच नका. व्हिडिओवर तर ते होतच नाही: समोरच्याच्या डोळ्यांकडे बघितलं की त्याला तुम्ही खाली बघताय असं दिसतं, आणि लेन्सकडे बघितलं की त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नाही.

रोल-प्लेबद्दल जॉबकोच यांच्याशी थोडा मतभेद. दुसऱ्या फेरीत एक वाक्य बदलणार आहे, हे आधी सांगितलंच पाहिजे. कोणतं ते नका सांगू. अचानक बदललं की सराव बोलण्याचा न राहता धक्का पचवण्याचा होतो.

आणि दोष एकाच बाजूला लावू नका. संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये 'दुहेरी सहानुभूतीची अडचण' मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्यांत एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोचवून पाहिली. निव्वळ ऑटिस्टिक साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. जास्त गळती झाली मिश्र साखळीत. म्हणून सहा जणांना एकमेकांशी सहज बोलताना पाहून 'शिकले' असं समजू नका. तेवढं त्यांना आधीच येत असतं. तिसऱ्या फेरीसाठी बाहेरचा, अनोळखी, ऑटिस्टिक नसलेला माणूस आणा.

'कॅट-क्यू' ही 25 विधानांची प्रश्नावली ऑटिस्टिक माणूस स्वतःला किती झाकून वावरतो ते मोजते. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात भरून घ्या. गुण चढले असतील, तर वर्गाने बोलणं शिकवलं की लपणं, हे तपासावं लागेल.

मनुष्यबळ_विभाग

ऑफिसात उतरत नाही, कारण ऑफिस वर्गात नसतं. सहभागी तयार असेल तर त्याच्या थेट वरिष्ठाबरोबर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 45 मिनिटांचं एक सत्र घ्या. तिथे ऑटिझमवर भाषण नको. तीन सवयी मागा: तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी मेलवर, तारखेसोबत वेळही, आणि चूक असेल तर आडून न सुचवता सरळ, पण एकांतात.

निदान सांगायचं की नाही, हा निर्णय सहभागीचा. गरज निदान न सांगताही मांडता येते: 'सूचना मेलवर आल्या तर माझ्या हातून चूक कमी होते.' हे वाक्य रोल-प्लेला घ्या.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का ज्या गटांना मिळून आहे, त्यांत तो येतो, आणि त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. खाजगी आस्थापनेत 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरण प्रसिद्ध करावं लागतं आणि त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक येते. तो अधिकारी कोण, हे शोधून आणणं हा चांगला गृहपाठ आहे: एक मेल, एक प्रश्न, खरं उत्तर.

वाचाभाषा_नाशिक

खूप आभार. कॅमेऱ्याचा नियम बदलते, रोल-प्लेची पूर्वसूचनाही ठेवते. एक राहिलं. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं बोलणं संपताना आपण कधी शिरायचं, हे झूमवर शिकवता येईल का? आणि प्रगती मोजायची कशी?

जॉबकोच_पुणे

ताई, समोरासमोरच्या बैठकीसाठी ते झूमवर शिकवू नका. दहा भाषांवर झालेल्या 2009 च्या एका अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला लागणारा वेळ सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. इंटरनेटवरचा उशीर जाता-येता सहज तेवढा होतो, म्हणून तिथे सगळेच एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. सहभागीला वाटतं, पुन्हा आपणच चुकलो. झूमवर झूमचंच शिकवा: हात वर करण्याचं बटण, चॅटमध्ये 'मला या मुद्द्यावर बोलायचं आहे', आणि बोलून झाल्यावर 'माझं झालं'. समोरासमोरच्या बैठकीसाठी वेळ साधण्यापेक्षा आधी जागा मागणं सोपं: सकाळीच आयोजकाला निरोप, 'दुसऱ्या मुद्द्यावर मला दोन मिनिटं द्या.'

मोजण्यासाठी प्रत्येकाचं एकच उद्दिष्ट, उणे 2 ते अधिक 2 अशा पाच पायऱ्यांवर. उदाहरणार्थ, 'मोघम काम आलं की अंदाज मांडून विचारणं': आठवड्यात एकदाही नाही म्हणजे उणे 2, एकदा म्हणजे उणे 1, दोनदा ही अपेक्षा म्हणजे 0, तीनदा अधिक 1, चार किंवा जास्त अधिक 2. नोंद सहभागीनेच करायची: तारीख, कुणाला विचारलं, स्वतःचं वाक्य, आलेलं उत्तर. 'कसं वाटलं' हा रकाना ठेवू नका, तो रिकामाच येतो. आणि मोघम काम त्या आठवड्यात आलंच नसेल तर उणे 2 देऊ नका, 'संधी नाही' असं लिहा.