‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ : अर्थ आणि वापर

प्रश्न (पणजी)

नमस्कार. मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करतो. काल रात्री माझ्यापुढे आलेला मथळा असा होता : ‘म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोबाईलची चोरी, बालगुन्हेगारासह दोघांना अटक, रिमांड होममध्ये रवानगी’. दोघांपैकी एक 17 वर्षांचा, दुसरा 22 वर्षांचा. काही वर्षे सावंतवाडीत काम केलेल्या आमच्या वार्ताहराने मूळ मजकुरात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असे लिहिले होते. उपसंपादकांनी ते ‘वाचकाच्या घशात अडकेल’ म्हणून काढून टाकले. हा शब्द नेमका कसा फोडावा, आणि ‘बालगुन्हेगार’ वापरण्यात खरोखर काही चूक आहे काय?

उत्तर (म्हापसा)

न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतरात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विधी म्हणजे कायदा, आणि ‘ग्रस्’ या धातूचा अर्थ गिळणे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्जग्रस्त या शब्दांत माणूस आपत्तीच्या तोंडी सापडलेला असतो. त्याच साच्यातला हा शब्द असल्यामुळे, कायद्याशी आलेल्या संघर्षाने ज्याला गिळले आहे ते मूल, असा त्याचा अर्थ होतो. शब्द अवजड आहे, हे मान्य. मात्र 2015 च्या बाल न्याय अधिनियमातील व्याख्येप्रमाणे, ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि ज्याने गुन्हा केल्याचे आढळून आले आहे, अशी 18 वर्षांखालील दोन्ही प्रकारची मुले या एकाच नावाखाली येतात. प्रौढांच्या बाबतीत आपण ‘आरोपी’ आणि ‘सिद्धदोष’ असे दोन शब्द ठेवतो, तुरुंगाच्या बोलीत तर ‘कच्चा कैदी’ आणि ‘पक्का कैदी’ म्हणतो. मुलाच्या बाबतीत ही पायरीच कायद्याने नावातून काढून टाकली आहे. ‘बालगुन्हेगार’ म्हणताच आपण चौकशीआधीच निकाल दिलेला असतो.

हा केवळ शिष्टाचार नव्हे. मुलांसंबंधीच्या प्रक्रियेत आरोप करणारे वा कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, हे त्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात मूलभूत तत्त्वांपैकी एक म्हणून लिहिलेले आहे. शब्दयोजनेलाच कलमात जागा देणारे कायदे माझ्या पाहण्यात फार नाहीत.

आता आपल्या मथळ्यातील दोघांकडे पाहू. चोरी एकत्र केली तरी कायदा त्यांची एकत्र सुनावणी होऊ देत नाही. बावीस वर्षांच्या तरुणाला ‘अटक’ होईल, त्याच्यावर ‘खटला’ चालेल, दोष सिद्ध झाल्यास ‘शिक्षा’ होईल आणि जामीन न मिळाल्यास तो कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात जाईल. सतरा वर्षांच्या मुलाला पोलीस साध्या वेशात ‘ताब्यात’ घेतील, बेड्या घालणार नाहीत, कोठडीत ठेवणार नाहीत, आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर नेतील. तेथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. मंडळाची बैठक उंच चौथऱ्यावर नसावी आणि मध्ये साक्षीदाराचा पिंजरा वा गज नसावेत, असे नियमच आहेत. तेथे चालते ती ‘चौकशी’, आणि तिच्या अखेरीस निघतो तो ‘आदेश’ : समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, सामुदायिक सेवा, परिवीक्षा, किंवा फार तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे. ‘समज देणे’ हा आपला जुना वाक्प्रचार येथे इतका चपखल बसतो की भाषांतरकाराला काही शोधावेच लागत नाही.

‘शिक्षा’ या शब्दाची गंमत येथेच नोंदवतो. संस्कृतात आणि हिंदीत त्याचा अर्थ शिकवणे. मराठीने मात्र त्याच धातूपासून ‘शिक्षण’ शाळेला दिले आणि ‘शिक्षा’ न्यायाधीशाकडे सोपवली. बाल न्यायाला अभिप्रेत असलेला अर्थ आपणच कधीतरी सोडून दिला आहे, त्यामुळे तेथे ‘शिक्षा’ लिहिणे मला नेहमी खटकते.

‘रिमांड होम’ हे नाव जुन्या कायद्यांच्या काळातले असून आता ‘निरीक्षण गृह’ म्हणतात. गोव्यात लोक सरळ ‘अपना घर’ म्हणतात, कारण मेरशीच्या संस्थेचे नावच ते आहे. आणखी एक खबरदारी घ्यावी : ‘बाल न्यायालय’ आणि ‘बाल न्याय मंडळ’ यांची गल्लत करू नये. 2003 च्या गोवा बाल कायद्याखालील बाल न्यायालयात मुलांवर झालेल्या गुन्ह्यांचे खटले चालतात, आणि तेथील आरोपी बहुधा प्रौढ असतात.

शंका (केपे)

सर, विवेचन पटले, पण मिसरूड फुटलेल्या मुलाला ‘बालक’ म्हणताना जीभ अडखळते. मराठीत बालक पाळण्यात असते, फार तर बालवाडीत. शिवाय डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील प्रकरणानंतर कायदा कडक झाला ना? मग खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांतही हीच मऊ भाषा वापरायची काय?

उत्तर (म्हापसा)

बाई, आपली शंका रास्त आहे. त्या प्रकरणातील अल्पवयीनाला कमाल तीन वर्षांचाच आदेश होऊ शकला, आणि त्यानंतरच्या वादातून 2015 चा अधिनियम आला. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची कैद आहे, असा गुन्हा 16 ते 18 वयाच्या मुलाकडून घडल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते : त्याची मानसिक व शारीरिक क्षमता किती होती, परिणामांची जाण होती काय, परिस्थिती कोणती होती. त्यानंतर मंडळाने ‘प्रौढ म्हणून खटला चालवावा’ असे ठरवून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवले, तर पुढे ‘खटला’ आणि ‘शिक्षा’ हे शब्द वापरायला माझी हरकत नाही, कारण तेथे प्रक्रियाच बदलते. तरीही फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, त्या मुलाला देता येत नाही. म्हणजे प्रौढांचे शब्द तेथेही पुरते लागू पडत नाहीत.

‘बालक’विषयी मात्र मी आपल्या बाजूचा आहे. कायद्याच्या मसुद्यात तो शब्द अटळ आहे. बातमीत ‘अल्पवयीन मुलगा’ किंवा ‘अल्पवयीन मुलगी’ पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता (पणजी)

आभारी आहे. दुरुस्त मजकूर असा केला आहे : ‘म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील मोबाईल चोरीप्रकरणी पोलिसांनी 22 वर्षीय तरुणाला अटक केली असून, त्याच्यासोबतच्या अल्पवयीन मुलाला ताब्यात घेऊन बाल न्याय मंडळासमोर हजर केले.’

उत्तर (म्हापसा)

योग्य आहे. आतल्या मजकुरात मुलाचा वाडा आणि हायस्कूल आले असेल, तर तेही काढावे. ओळख उघड करण्यास 74 व्या कलमाने मनाई आहे, आणि आपल्या गावांत वाड्याचे नाव आणि ‘दहावीतला मुलगा’ एवढे छापले की आडनावाची गरज उरत नाही.