चर्चा: टॉवेल कारखान्याच्या डिरेक्टरी सर्व्हरसाठी डेबियनच घ्यावं

करघा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे ४० पीसी मी सांभाळतो, सगळे विंडोजचे. लॉगिनचा सर्व्हर (म्हणजेच डिरेक्टरी, सगळ्यांची खाती आणि पासवर्ड ठेवणारा) अजून सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे. त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, तरी मालक म्हणतात, "चालतंय की!" मला हे चालू द्यायचं नाही. माझं मत: डेबियन हे लिनक्स आणि त्यावर सांबा, म्हणजे विंडोज पीसींना लॉगिन आणि फाइली पुरवणारं मोफत सॉफ्टवेअर. लायसन्सचा खर्च शून्य, विंडोज पीसी डोमेनला (एकाच सर्व्हरच्या ताब्यातल्या गटाला) जोडता येतात, सगळ्या पीसींना एकदम नियम लावणारी ग्रुप पॉलिसीही चालते.

चिंचोली_पाळी: डेबियन का? अल्मा ९ या लिनक्सला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. डेबियन १२ चे, एलटीएस (वाढीव मुदतीचे अपडेट) धरूनही, २०२८ मध्ये संपतात. कारखान्यात सर्व्हर एकदा बसला की कुणी हात लावत नाही, हे तुमच्याच सेंटओएसवरून दिसतंय.

करघा: मुद्दा रास्त आहे. पण अल्मासारख्या रेड हॅटच्या वळणाच्या सिस्टीममध्ये जो सांबा येतो, त्यातून डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, उभा राहत नाही. फाइल सर्व्हरपुरताच तो. तिथली डिरेक्टरी म्हणजे ३८९ किंवा फ्रीआयपीए ही सॉफ्टवेअरं, आणि ती लिनक्सच्या मशिनींसाठी. माझ्याकडे तशी एकही नाही. आधी डिरेक्टरी ठरवायची, मग ती ज्या सिस्टीमवर नीट मिळते ती घ्यायची.

होटगी_रोड: मी विंडोज सर्व्हरच सांगेन. आमच्याकडे सांबाच होता. मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली, यूपीएस संपला. सर्व्हर चालू झाला तो घड्याळ मागे गेलेलं, मदरबोर्डवरचा सेल संपला होता. लॉगिन तपासणाऱ्या केर्बेरॉसला सर्व्हर आणि पीसीच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे कुणालाच लॉगिन होईना. गेटपास छापता येईना, माल भरलेला ट्रक दोन तास फाटकात उभा. आणि सांबा जाणणारा माणूस पुण्याहून फोनवर! विंडोजचा माणूस नवी पेठेत तासाभरात मिळतो.

चिंचोली_पाळी: घड्याळ विंडोजवरही असंच दगा देईल, भाऊ. पाच मिनिटांचा नियम तिथेही आहे.

होटगी_रोड: मान्य. पण दुसरा कंट्रोलर लावला की विंडोजमध्ये सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसीच्या फाइलींचं फोल्डर) आपोआप तिकडे जातं. सांबात त्यासाठी आरसिंक हे फाइली कॉपी करणारं साधन आपणच लावायचं आणि ते चालतंय का हेही आपणच बघायचं. लायसन्सचं म्हणाल तर तीन पाळ्यांचे कामगार एकाच पीसीवर बसतात ना? मग कॅल (सर्व्हर वापरायचं लायसन्स) माणशी न घेता मशीनमागे घ्या. ४० मध्ये भागतं.

करघा: मशीनमागे कॅल हे माझ्या डोक्यात नव्हतं, तो हिशोब मालकांपुढे ठेवतो. तरी मी डेबियनच मागणार. लिनक्स मला स्वतःला येतं, रात्रपाळीला फोन माझाच वाजतो. सर्व्हर मात्र दोन घेईन, घड्याळ बरोबर ठेवणारं क्रोनी लावेन, सेल आधीच बदलेन.

होटगी_रोड: दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवू नका तेवढं. आमचं तिथंच चुकलं होतं.