मदत हवी आहे : युद्धात हरवलेल्या थोरल्या आजोबांचा पत्ता कसा लावायचा?

बल्लारपूरचा_नातू
माझ्या आजोबांचे थोरले भाऊ लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत. कुठे गेले, कसे गेले, समाधी आहे की नाही, काहीच माहीत नाही. त्यांची मुलगी म्हणजे माझी आत्या ८० च्या वर आहे, तिने बापाला पाहिलंच नाही, ती पोटात होती तेव्हा. एका ऑफिसात गेलो तर म्हणतात त्यांचा फौजेतला नंबर आणा. नंबर असता तर हिंडलो असतो का? कोणी असं शोधकाम केलंय का, प्लीज लवकर सांगा, आत्याची तब्येत बरी नसते.

निवृत्त_सुभेदार
कुठली लढाई? पलटण कोणती? गाव, वडिलांचं नाव, भरती कुठे झाली? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

वर्धाकाठ
७१ चे असतील तर बेपत्ता ५४ जणांची सरकारी यादी आहे, ती बघा आधी.

बल्लारपूरचा_नातू
अहो दुसरं महायुद्ध, आत्याचं वय लिहिलंय ना. पलटण माहीत नाही. आमचं घर खदानीतलं. पणजोबांच्या पायावर छत पडलं, काम सुटलं, घरात खाणारी तोंडं सात, म्हणून थोरल्याने भरतीत नाव दिलं. मनीऑर्डर यायची ती ४४ मध्ये बंद झाली. मग मोठी आजी तान्ह्या पोरीला सासूजवळ टाकून खदानीत उतरली, कोळशाचे टब भरायला.

लालबावटा
बायकांना भूमिगत कामाची बंदी होती, ती युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये उठवली आणि १९४६ ला परत लावली. म्हणजे नवरा युद्धावर आणि त्याच युद्धापायी बायको खाली अंधारात, आणि बंदी परत आल्यावर तिची मजुरीही गेली असणार. यावर कोणी लिहीत नाही. तुम्ही वेकोलिकडे (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) जुनी हजेरीची रजिस्टरं मागा.

घुग्घुसची_लेक
लालबावटा दादा, १९७३ च्या आधी खदानी खाजगी होत्या, वेकोलिकडे ४४ चं रजिस्टर कुठून येणार? आणि हजेरीवरून सैनिक कसा सापडेल, उगीच फिरवू नका त्यांना.

लालबावटा
राष्ट्रीयीकरणात कागदपत्रंही ताब्यात आली असतीलच की. विचारायला काय जातं.

विदर्भ_एक्स्प्रेस
वेकोलिचा विषय निघालाच आहे तर, आमची शेती खाणीत गेली, नोकरी भावाच्या नावाने लावायची की माझ्या?

कोहिमा_वाचक
नातू, हे नीट वाचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (महायुद्धात गेलेल्यांच्या समाध्या आणि नोंदी सांभाळणारी संस्था) च्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं, फुकट आहे. ज्यांची समाधी नाही त्यांची नावं स्मारकांवर कोरलीत, ब्रह्मदेशातले रंगून स्मारकावर (जवळपास २७,००० नावं आहेत), मलाया सिंगापूरकडचे क्रांजीला, इटलीतले कॅसिनोला. बऱ्याच भारतीयांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. जिल्हा 'चांदा' टाका, चंद्रपूर नाही, तेव्हा ते नाव नव्हतं. आणि नावाची स्पेलिंगं जमतील तेवढी करून बघा, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय.

जय_हिंद_४३
मनीऑर्डर बंद झाली म्हणजे शंभर टक्के आझाद हिंद सेनेत गेले. सिंगापूरला पकडले गेलेले कितीतरी जण गेले होते. त्या बाजूने शोधा.

कोहिमा_वाचक
सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं फेब्रुवारी ४२ ला. यांची मनीऑर्डर ४४ पर्यंत येत होती आणि मुलगी त्याच सुमारास झाली, म्हणजे ते सुट्टीवर घरी येऊन गेले. एवढ्यावरून शंभर टक्के कसं म्हणता?

निवृत्त_सुभेदार
मनीऑर्डर बंद झाल्यावर सरकारी कागद नाही आला का काही? येतोच.

बल्लारपूरचा_नातू
आला होता, इंग्रजीत, फक्त 'बेपत्ता' लिहिलंय म्हणून सांगितला नाही. तेव्हा घरात कोणाला वाचता येत नव्हतं, खदानीच्या बाबूने वाचून दाखवला. घडीवर फाटलाय, 'पायोनियर' एवढंच वाचता येतं.

निवृत्त_सुभेदार
हेच आधी सांगायचं ना! पायोनियर कोअर. म्हणजे लढणारी पलटण नव्हे, रस्ते बांधणं, ओझी उतरवणं.

घुग्घुसची_लेक
लढणारी नव्हे म्हणजे काय? बॉम्ब काय बिल्ला बघून पडतो? माणूस घरी आला नाही, पोरगी बिनबापाची वाढली, त्यात कमी-जास्त कसलं.

निवृत्त_सुभेदार
ताई, मी कमी लेखलं नाही. रेकॉर्ड वेगळ्या ठिकाणी असतं म्हणून सांगितलं, उगाच मराठा किंवा महार रेजिमेंटला पत्रं लिहीत बसतील. पायोनियरचं सेंटर बंगळुरूला आहे, तिथे अर्ज करा. सोबत चंद्रपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र जोडा, मुलीच्या नावाने अर्ज द्या, नातवाच्या नको.

बल्लारपूरचा_नातू
वेबसाइटवर बसलोय. चांदा टाकलं तर त्याच नावाचे दोघं येतात, दोघंही पायोनियर, एकाच्या बापाचं नाव जरा जुळतं पण गाव भलतंच दिसतंय. आम्ही मूळचे बल्लारपूरचे नाही, पणजोबा खदानीसाठी आले होते, मूळ गाव राजुऱ्याकडचं.

कोहिमा_वाचक
मग भरतीत मूळ गावच लिहिलं असेल. पण राजुरा तेव्हा निजामाकडे होतं, जिल्हा आदिलाबाद. चांदा काढून टाका आणि परत शोधा.

निवृत्त_सुभेदार
आणि त्या कागदावर कुठेतरी आकडा असेल, फाटका असला तरी चालेल. वेबसाइटवरच्या नंबरशी ताडून बघा. इथे फोटो टाकू नका, मला खासगी निरोप पाठवा.

बल्लारपूरचा_नातू
कागद आत्याच्या पेटीत आहे, ती कोणाला हात लावू देत नाही. सकाळी जातो, तिच्यासमोरच उघडतो. आदिलाबाद टाकून शोधतोय.

विदर्भ_एक्स्प्रेस
माझ्या नोकरीचं कोणी सांगेल का?