मदत हवी आहे : 'दांडीवर गेलो' म्हणजे कुलाब्याच्या कुठल्या बत्तीवर?

नमस्कार मंडळी,

गणपतीआधी माळा आवरताना पणजोबांची वही सापडली. ते मुंबई बंदरात फिटर होते, एवढंच घरात माहीत. वहीत हिशेबाच्या मध्येमध्ये १९२६ च्या नोंदी आहेत : 'दांडीवर गेलो', 'ओहोट चुकली, रात्र दांडीवरच'. आईचं म्हणणं, कामाला दांडी मारली असेल. पण दांडी मारणारा माणूस ती वहीत कशाला लिहून ठेवेल?

आजी मात्र ठामपणे सांगते की जुने लोक कुलाब्याच्या दीपगृहाला दांडी म्हणायचे. आता कुलाब्याची दीपगृहं दोन. पहिलं १७९९ चं, जमिनीवरचं. दुसरं प्राँग्ज, नेव्हीनगरच्या पुढे समुद्रात शिरलेल्या खडकांवर. टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने बांधलेलं हे दीपगृह १८७५ चं. प्रिन्सेस डॉकही त्याचीच. प्राँग्जची बत्ती लागल्यावर जुनीची गरज संपली, म्हणजे १९२६ ला प्राँग्जच असणार. शिवाय तिथे ओहोटीलाच खडकांवरून चालत जाता येतं, भरती आली की चहूकडे पाणी. ती ओहोटी चुकली की बसा रात्रभर! जुन्या बत्तीला ही भानगड नव्हती.

इथवर जुळतं. पण पुढे एक नोंद आहे : 'दांडीवरून खांदेरी, मचव्याने, दोन रोज'. खांदेरी म्हणजे अलिबागजवळच्या थळसमोरचं बेट, १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जिथे किल्ला बांधायला घेतला तेच. तिथेही १८६७ पासून बत्ती आहे. एकच फिटर दोन्हीकडे जात असेल का? दीपगृहांचा कारभार ठरवणारा कायदा १९२७ चा, म्हणजे या नोंदी त्याच्या आधीच्या. मग तेव्हा खांदेरीची देखभाल कोणाकडे होती, मुंबई बंदर चालवणाऱ्या पोर्ट ट्रस्टकडेच का?

तर विचारायचं असं :

'दांडी' हा शब्द दीपगृहासाठी तुमच्या घरात कोणी वापरायचं का? कुलाब्याच्या कोळीवाड्यातल्या मंडळींनी जरूर सांगा, तुमच्याकडे अजून म्हणत असतील.

पोर्ट ट्रस्टचे त्या काळचे हजेरीपट कुठे बघायला मिळतात? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कोणी असं काही शोधलंय का? अर्जात काय लिहावं लागतं?

आणि मोडी वाचणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खांदेरीच्या नोंदीखालच्या दोन ओळी मोडीत आहेत. त्यातला 'काच' एवढाच शब्द मला लागला, तोही बहुधा चुकीचा.