गच्चीवाल्या मिस्त्रींच्या मुलीची फी (सोसायटी ग्रुप)

केतन, सी ४०१: सगळ्यांना एक विचारायचंय. आपलं प्लास्टर आणि गच्ची करतायत ते मोठे मिस्त्री, त्यांच्या मुलीला इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळालीय. काल जिन्यात धरून विचारत होते की बांधकाम कामगार मंडळाकडून ६० हजार मिळतात म्हणे, खरं का. मला काय माहीत. नाना तुम्ही युनियनमध्ये होतात ना?

बी ५०१: मुलींना फी माफ आहे की आता. २०२४ पासून. कशाला हवेत अजून पैसे

वर्षा, बी ३०३: माफ आहे ती ट्यूशन फी आणि परीक्षा फी, ती पण ठरावीक प्रवर्ग आणि ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर. हॉस्टेल मेस डिपॉझिट लॅपटॉप कोण देणार. माझ्या भाचीच्या वेळी फीपेक्षा हॉस्टेलचाच आकडा मोठा होता

नाना, ए १०२: केतन, खरं आहे. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना मिळतं. पहिली ते सातवी वर्षाला २५००, आठवी ते दहावी ५०००, अकरावी बारावी १० हजार, डिग्रीला २० हजार, इंजिनिअरिंग ६० हजार, मेडिकल १ लाख. हे सरकारी मंडळ आहे, युनियनचा ट्रस्ट नाही, लोक दोन्ही एकत्र करतात. पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या १ टक्का सेसमधून (उपकरातून) येतो, १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला. म्हणजे कोणावर उपकार नाहीत. पण त्याचं कार्ड चालू आहे का ते आधी विचार.

केतन, सी ४०१: विचारलं. नोंदणी आहे पण मागच्या वर्षी रिन्यू नाही केली

नाना, ए १०२: झालं. इथेच सगळे अडकतात. रिन्यू करायला मागच्या बारा महिन्यात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, काँट्रॅक्टरचा नाहीतर पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचा. काँट्रॅक्टर सही देत नाहीत.

बी ५०१: युनियनवाले एरवी गेटवर झेंडे घेऊन असतात, असल्या वेळी कुठे जातात 😀

नाना, ए १०२: बरं झालं बोललास, आता वाच बसून. आमची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण युनियनचा शिक्षण ट्रस्ट अजून चालू आहे आणि मी त्यात आठ वर्षं होतो. पैसा कुठून यायचा सांगतो. दर तीन वर्षांनी पगाराचा करार व्हायचा, फरक हातात यायचा एकरकमी, त्यातला ठरलेला हिस्सा प्रत्येकजण ट्रस्टला द्यायचा. ती रक्कम एफडीत. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावरच मुलांची मदत. आणि ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा नोंदवलेला, म्हणून युनियनच्या निवडणुकीत पॅनल उलटलं तरी तिजोरीची चावी उलटायची नाही. यावरून भांडणं कमी झाली नाहीत बरं का, एका करारात तर अर्ध्या लोकांनी हिस्सा द्यायला नकार दिला, ज्यांना मुलं नव्हती किंवा मोठी झाली होती ते म्हणाले आम्ही का द्यायचं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

वर्षा, बी ३०३: नाना पण अशी रक्कम असून असून किती असणार. त्याने करिअर होतं का कोणाचं

नाना, ए १०२: किती याला फार महत्त्व नाही गं वर्षा, कधी मिळते याला आहे. आमच्या पेंट शॉपमधला एकजण, मुलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला शुक्रवारी संध्याकाळी, सोमवारी दुपारपर्यंत फी भरून सीट पक्की करायची. स्कॉलरशिप येणार तेव्हा येणार, कामगारांच्या पतसोसायटीचं कर्ज मंजूर व्हायला मीटिंग लागते, आणि सावकार मात्र शनिवारीही उघडा असतो. आम्ही तिघांनी रविवारी अध्यक्षांच्या घरी जाऊन चेकवर सह्या घेतल्या, चेक थेट कॉलेजच्या नावाचा, बापाच्या हातात नाही. मार्कशीट आणि अॅडमिशनचा कागद तेवढा बघितला. तो मुलगा आज मशीन डिझाईनमध्ये आहे. सरकारी योजनेची रक्कम आमच्यापेक्षा मोठी असते, मान्य, पण ती खर्च झाल्यावर येते. मधले महिने कोणीतरी काढून द्यावे लागतात.

स्वप्नील, सी २०२: मी एचआरमध्ये आहे तरी आत्ता कळतंय, माझ्या स्लिपवर जून आणि डिसेंबरला एलडब्ल्यूएफ म्हणून २५ रुपये कटतात, नवीन जॉइन झालेले दरवेळी विचारतात हा कसला टॅक्स, आणि मी म्हणतो जाऊदे २५ च आहेत

नाना, ए १०२: टॅक्स नाही रे. कामगार कल्याण निधी. १९५३ चा कायदा. तुझे २५, कंपनीचे ७५, सहा महिन्याला. त्यातून कामगारांच्या मुलांना स्कॉलरशिप मिळते, एमएससीआयटीला मदत मिळते, अभ्यासिका आहेत. एचआरने लोकांना फॉर्म दाखवला पाहिजे ना, तूच जाऊदे म्हणतोस 🙏

स्वप्नील, सी २०२: ओके ओके सोमवारी मेल टाकतो सगळ्यांना

बी ५०१: पण नाना हे काम युनियनचं आहे का मुळात. युनियनने पगार बघावा, बोनस बघावा

नाना, ए १०२: १९२६ चा ट्रेड युनियनचा कायदा होता ना, त्याच्या कलम १५ मध्ये युनियनचा फंड कशावर खर्च करता येतो त्याची यादी होती. सभासदांच्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या शिक्षणावर, असं चक्क लिहिलेलं. त्याच्याही आधी ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं चालवली, आणि हेच जोशी पुढे आयटक या देशभरच्या कामगार संघटनेच्या स्थापनेत, १९२० ला. म्हणजे शाळा आधी आणि झेंडा नंतर 😀

वर्षा, बी ३०३: पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे ना, कचरा वेचणाऱ्या बायकांची युनियन, १९९३ ची, बाबा आढावांची. माझी मैत्रीण त्यांच्याबरोबर काम करायची. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांना सरकारी स्कॉलरशिप होती पण त्यात कचरा वेचणारे धरतच नव्हते. युनियनने मागे लागून ते धरायला लावलं. ती म्हणायची बायका स्वतः अंगठा करायच्या पण मुलाच्या बोनाफाईडचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाऊजमध्ये ठेवायच्या, भिजायला नको म्हणून

केतन, सी ४०१: 🙏

बी ५०१: बरं मग मिस्त्रींचं काय. आपण वर्गणी काढायची का, मी १००० देतो

नाना, ए १०२: वर्गणी नको आत्ता. त्याच्या हक्काचे ६० हजार कागदावाचून अडलेत आणि आपण हजार हजार गोळा करायचे? आधी कागद. तरीही डिपॉझिटला कमी पडलं तर तेव्हा बघू, आणि तेव्हा पळू नकोस.

बी ५०१: कुठे पळतोय, पाचव्या मजल्यावर आहे

वर्षा, बी ३०३: नाना त्यांना युनियन नाहीये हाच प्रॉब्लेम आहे ना. आज इथे उद्या दुसऱ्या साईटवर. तुमच्या लोकांना शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या घरी जायचं ते माहीत होतं

नाना, ए १०२: हो. तेच.

सेक्रेटरी: सगळं वाचलं. मार्चपासूनचं हजेरीचं रजिस्टर वॉचमनकडे आहे, मिस्त्रींचे आपल्याकडेच ९० च्या वर दिवस भरतात. काँट्रॅक्टरला फोन लावला. म्हणतो साहेब असल्या कागदावर सही केली की लेबर ऑफिस मागे लागतं, भीती वाटते. मी म्हटलं बरोबर आहे, तुमचं शेवटचं बिल पण माझ्या टेबलावर आहे, मलाही सही करायची भीतीच वाटतेय. उद्या साडेनऊला शिक्का घेऊन येतोय.

बी ५०१: 😂😂

केतन, सी ४०१: मिस्त्रींना सांगतो लगेच

नाना, ए १०२: आधार, रेशनकार्ड, पासबुकची झेरॉक्स, मुलीचं बोनाफाईड, अॅडमिशनची पावती, सगळं घेऊन यायला सांग. आणि जुनं नोंदणीचं कार्ड, फाटलेलं असलं तरी. मी ९ ला खाली ऑफिसात बसतो. चावी कोणाकडे आहे?