चंद्रावरचा दिवस: सूत्रात वजाबाकी शून्य का येते?

प्रश्न (गुहागर)
नमस्कार. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून निरनिराळ्या ग्रहांवरील दिवसांचा तक्ता करून घेत आहे. 1/दिवस = 1/परिवलनकाळ − 1/परिभ्रमणकाळ या सूत्रात बुधाचे 58.65 आणि 87.97 हे आकडे घातल्यावर 176 दिवस आले आणि ते पुस्तकाशी जुळले. चंद्राचे दोन्ही काळ मात्र 27.32 दिवसच असल्याने वजाबाकी शून्य येते, म्हणजे तेथे दिवस कधी संपतच नाही असा अर्थ होतो. चूक कोठे आहे?

उत्तर (देवगड)
सूत्र बरोबर आहे, प्रदक्षिणा चुकली आहे. अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडे सतत तोंड ठेवून एक फेरी मारून पाहा. वृंदावनाच्या पलीकडची पडवी, माड, विहीर, गोठा हे सारे एकेकदा डोळ्यांसमोरून सरकते, म्हणजे तुमची स्वतःभोवती एक गिरकी पूर्ण होते. तुळस मात्र समोरून हललेली नसते. म्हणून गिरक्यांतून प्रदक्षिणा वजा करायची, आणि ज्याच्या उगवण्या-मावळण्याने दिवस मोजायचा, त्याच्याच भोवतीची. चंद्र पृथ्वीबरोबर सूर्याभोवती 365.25 दिवसांत फिरतो, तेव्हा 1/27.32 − 1/365.25 करावे, उत्तर 29.53 दिवस येते, म्हणजे अमावास्या ते अमावास्या. तुमचे शून्यही खोटे नाही, ते पृथ्वीला लागू पडते: चंद्राच्या आपल्याकडील बाजूवरून पाहिल्यास पृथ्वी उगवत वा मावळत नाही, जवळजवळ एकाच जागी राहते. चांद्रयान-3 हे 23 ऑगस्ट 2023 रोजी उतरले तेव्हा तेथे सकाळ होती, आणि उपकरणांना कामासाठी पृथ्वीचे सुमारे 14 दिवस मिळाले ते याच हिशोबाने.

उत्तर (हर्णै)
हेच सूत्र आमच्या बंदरावरही चालते. पृथ्वीची गिरकी 23 तास 56 मिनिटांची. सूर्याऐवजी चंद्र धरून 27.32 दिवसांची प्रदक्षिणा वजा केली, तर 24 तास 50 मिनिटे येतात. आजची भरती उद्या तितक्याच, म्हणजे सुमारे पन्नास मिनिटांच्या, उशिराने येते. तिथीमागे दोन घटका (एक घटका 24 मिनिटांची) धराव्यात, हा हिशोबही त्यातलाच, कारण 24 तासांना 30 तिथींनी भागले की 48 मिनिटे येतात. तक्त्यात हा रकाना अवश्य घाला. मुलांना तो किनाऱ्यावर जाऊन ताडून पाहता येईल.

प्रश्नकर्ता (गुहागर)
दोघांचे आभार. चंद्राचा रकाना भरला, पण शुक्र अडला आहे. 243.02 आणि 224.70 घेतल्यावर उणे 2981 दिवस येतात.

उत्तर (देवगड)
शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो, म्हणून त्याच्या परिवलनकाळाला उणे चिन्ह द्यावे लागते. मग दोन्ही अपूर्णांकांची बेरीज होते आणि 116.75 दिवस येतात. तेही उणेच निघतील, परंतु त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तेथे सूर्य पश्चिमेला उगवतो. तक्त्यात चिन्ह गाळू नका, त्याखाली ही एक ओळ लिहा.